दुकान सोडलं की विकत घेतलेली ई-पुस्तकं राहतात का? सोडायच्या आधी काय काय करून ठेवायचं

पैसे देऊन घेतलेलं ई-पुस्तक आपलं का दुकानाचं, हा वाद नंतर घालू, आधी फक्त दोन गोष्टी बघा, पुस्तकाची फाईल कुठंय आणि ती उघडायला कुणाची परवानगी लागते. फाईल आपल्या कॉम्प्युटरवर आहे आणि कुणालाही न विचारता उघडतेय, मग दुकान राहो नाहीतर जावो, काय फरक पडत नाही. पण फाईलही दुकानाच्या सर्व्हरवर आणि उघडायची परवानगीही दुकानाचीच असं असेल तर तुमच्याकडे पुस्तक नाहीये, वाचायची मुभा आहे फक्त, आणि ती मुभा अकाउंटला चिकटलेली आहे. आपली बरीचशी खरेदी या दोनाच्या मधे कुठेतरी लटकलेली असते, म्हणून एका ओळीत उत्तर देता येत नाही आणि म्हणून हा लांबलचक लेख.

दुकान सुटतं तेही तीन तऱ्हांनी. एक म्हंजे आपण अकाउंट बंद करतो, किंवा देश बदलतो, किंवा लॉगिनच हातातून जातं. दुसरं, आपण तिथंच असतो पण पुस्तक दुकानातून निघून जातं, प्रकाशकानं काढून घेतलं, हक्क संपले वगैरे. आणि तिसरं, दुकानच गाशा गुंडाळतं. लोक घाबरतात ते तिसऱ्याला, पण माझ्या मते पुस्तकं जास्त जातात ती पहिल्यात, आणि तीही आपल्याच हातानं.

आजवर नक्की काय झालंय

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फ्लिपकार्टनं २०१२ च्या शेवटी ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि २०१५ च्या शेवटी तो धंदा सोडला, गिऱ्हाइकांना त्यांची लायब्ररी कोबो या परदेशी ई-पुस्तकांच्या दुकानाकडे हलवायची सोय करून दिली. म्हंजे पुस्तकं बुडाली नाहीत, पण नवं अकाउंट, नवं ॲप, आणि ते करायचं कुणी तर आपण. सोनीनं २०१४ मधे अमेरिका-कॅनडातलं रीडर स्टोअर बंद केलं तेव्हाही गिऱ्हाईक कोबोकडेच गेले आणि तिथंही मेलमधल्या लिंकवरून लायब्ररी स्वतः हलवून घ्यायची होती, आणि जे पुस्तक कोबोकडे विक्रीलाच नव्हतं ते आपोआप पलीकडे जाणार नव्हतं. नूक या ई-पुस्तकांच्या दुकानानं २०१६ ला ब्रिटनमधून काढता पाय घेतला, पुस्तकं सेन्सबरीज या सुपरमार्केटवाल्यांकडे सोपवली, आणि त्याच वर्षी सेन्सबरीजनंही ई-पुस्तकं सोडली, गिऱ्हाईक परत कोबोच्या दारात. एका वर्षात दोन घरं बदलली बिचाऱ्यांनी.

मायक्रोसॉफ्टचं प्रकरण याहून वेगळं. त्यांनी एप्रिल २०१९ मधे पुस्तकांचं दुकान बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि जुलैपासून घेतलेली पुस्तकं उघडायचीच बंद झाली, कारण उघडायची परवानगी त्यांच्या सर्व्हरकडून यायची आणि सर्व्हरच बंद. पैसे पूर्ण परत दिले, ज्यांनी पुस्तकात नोट्स काढल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर दिले, तेवढा सभ्यपणा दाखवला. पण पुस्तक गेलं ते गेलंच. कंपनी बुडाली असंही नाही बरं का, मायक्रोसॉफ्टसारखी धडधाकट कंपनी, तिला फक्त त्या धंद्यात रस उरला नाही, तेवढं पुरतं.

ॲमेझॉनच्या किंडलनं चीनमधलं दुकान बंद केलं तेव्हा मुदत चांगली दिली, जून २०२२ ला सांगितलं, विक्री जून २०२३ अखेर थांबली, आणि घेतलेली पुस्तकं डाउनलोड करायला आणखी एक वर्ष. ज्यांनी मुदतीत डिव्हाइसवर उतरवून घेतली त्यांना ती पुढेही वाचता येणार होती, नव्या डिव्हाइसवर मात्र परत उतरवता येणार नव्हती. हे वाक्य परत वाचा, कारण बहुतेक दुकानं बंद होताना जी मेहेरबानी करतात ती एवढीच असते.

आणि पुस्तक दुकानातून निघून गेलं तर? इथे बातमी बरी आहे. ॲमेझॉननं आपलीच वेस्टलँड ही भारतातली प्रकाशनसंस्था फेब्रुवारी २०२२ मधे बंद करतोय म्हणून सांगितलं, आणि मार्चनंतर पुस्तकं मिळणार नाहीत म्हटल्यावर लोकांनी घाईघाईनं पुस्तकं घेतली. अशा वेळी नवी विक्री थांबते, आधी घेतलेलं पुस्तक सहसा लायब्ररीत राहतं. किंडल, गूगल, कोबो, सगळीकडे साधारण हाच रिवाज. अपवाद २००९ चा, आणि तो इतका गाजला की अजून प्रत्येक चर्चेत येतो. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' च्या काही प्रती अशा विक्रेत्यानं किंडलवर टाकल्या होत्या ज्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, तर ॲमेझॉननं लोकांच्या डिव्हाइसवरून त्या परस्पर पुसल्या आणि पैसे परत केले. पाळत ठेवणाऱ्या सरकारची गोष्ट सांगणारं पुस्तकच असं गुपचूप गायब व्हावं, याच्यावर वेगळा विनोद करायची गरज नाही. जेफ बेझोसनं जाहीर माफी मागितली, एका विद्यार्थ्यानं आपल्या नोट्स निकामी झाल्या म्हणून केसही केली, तडजोड झाली. तेव्हापासून असं सरसकट पुसणं ऐकायला मिळत नाही, पण तांत्रिकदृष्ट्या ते करता येतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

हे एवढं डोक्यात ठेवून आता कामाला लागू. खालच्या पायऱ्या दुकान नीट चालू असतानाच करायच्या आहेत, मेल आल्यावर धावपळ करून होत नाही सगळं.

पायरी १. कुठून काय घेतलंय ते शोधा

मेल उघडा आणि सर्चमधे किंडल, ई-बुक, प्ले बुक्स, कोबो, बुकगंगा, इनव्हॉइस असे शब्द एकेक करून टाका. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. चार-पाच दुकानं निघतात बहुतेकांची, त्यातलं एखादं तर साफ विसरलेलं असतं, फ्लिपकार्टवाल्यांचं कोबोचं अकाउंट हे त्यातलंच. प्रकाशकानं थेट मेलवर पाठवलेल्या पीडीएफही इथेच सापडतील, त्या आत्ताच्या आत्ता उतरवून बाजूला ठेवा, त्यांच्या लिंक सगळ्यात आधी मरतात.

प्रत्येक दुकानाच्या लायब्ररीचा स्क्रीनशॉट घ्या आणि बिलांच्या पीडीएफ एका फोल्डरमधे टाका. पुढे रिफंड मागायची वेळ आली तर हाच पुरावा, कारण अकाउंट बंद झाल्यावर ऑर्डर हिस्टरीही दिसत नाही.

पायरी २. भाड्याची पुस्तकं वेगळी काढा

किंडल अनलिमिटेड, प्राइम रीडिंग, स्टोरीटेल, यातली पुस्तकं तुमची कधीच नव्हती. वर्गणी थांबली की ती जातात, त्यात फसवणूक काही नाही. गोंधळ एवढाच होतो की किंडलच्या लायब्ररीत घेतलेली आणि अनलिमिटेडमधून आणलेली पुस्तकं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि वर्षभरानं आपल्याला आठवत नाही कुठलं काय. ॲमेझॉनच्या वेबसाइटवर कंटेंट आणि डिव्हाइसेस सांभाळायचं जे पान आहे तिथे फिल्टर लावून खरेदी आणि उसनी वेगळी बघता येतात. उसन्यापैकी एखादं खरंच परत परत लागणारं असेल तर ते विकत घ्या, शक्यतो कागदी.

पायरी ३. फाईल हातात घ्या, जिथे मिळते तिथे

हे सगळ्यात वेळखाऊ काम, आणि दुकानागणिक वेगळं.

किंडल. पूर्वी वेबसाइटवरून पुस्तकाची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं किंडलमधे टाकता यायची, ती सोय ॲमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकली. ज्यांनी त्याआधी उतरवून ठेवल्या त्यांनी त्या फाईली जपून ठेवा, कुलूपबंद असल्या आणि एका ठराविक किंडललाच बांधलेल्या असल्या तरी. आता कुलूपबंद पुस्तकांसाठी एकच रस्ता उरतो, पुस्तक डिव्हाइसवर नाहीतर ॲपमधे पूर्ण डाउनलोड करून ठेवणं. नुसतं मुखपृष्ठ दिसतंय म्हंजे डाउनलोड झालंय असं धरू नका, एकेक उघडून शेवटच्या प्रकरणापर्यंत जा.

पण किंडलवरची सगळीच पुस्तकं कुलूपबंद नसतात. काही प्रकाशक डीआरएम, म्हंजे कॉपी रोखणारं हे तांत्रिक कुलूप, लावतच नाहीत, आणि पुस्तकाच्या पानावर माहितीच्या भागात तसं लिहिलेलं असतं, किंवा एकाच वेळी किती डिव्हाइसवर वाचता येईल तिथे अमर्याद असं दिसतं. अशी पुस्तकं ईपब (बहुतेक रीडरमधे चालणारा ई-पुस्तकाचा फाईल प्रकार) किंवा पीडीएफ म्हणून वाचकाला उतरवू द्यायची सोय जानेवारी २०२६ पासून आलीय, पण ती चालू ठेवायची का हे लेखक-प्रकाशकाच्या हातात आहे, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला मिळेलच असं नाही. लायब्ररीत एकेक पुस्तकाचा मेनू उघडून बघावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण चहा घेऊन बसा आणि करा.

अजून एक, किंडलच्या सेटिंगमधे पुस्तकं आपोआप अपडेट करायचा पर्याय असतो. प्रकाशकानं सुधारित आवृत्ती चढवली की तुमच्या प्रतीवर ती येते. मूळ पाठ जपायचा असेल, अभ्यासासाठी वगैरे, तर तो बंद ठेवा.

गूगल प्ले बुक्स. माझ्या मते आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत सोडून जायला सगळ्यात सोपं हेच. ब्राउझरमधे प्ले बुक्स उघडायचं, पुस्तकावरच्या तीन टिंबांवर क्लिक करायचं, एक्स्पोर्ट असा पर्याय दिसतो. पुस्तकाला कुलूप नसेल तर सरळ ईपब किंवा पीडीएफ मिळते. कुलूप असेल तर एसीएसएम नावाची फाईल मिळते, आणि काही पुस्तकांना एक्स्पोर्टच नसतं. फोनच्या ॲपमधे हे शोधत बसू नका, कॉम्प्युटरवर करा.

आता ही एसीएसएम. अनेकजण ती फाईल पेन ड्राइव्हवर टाकतात आणि बॅकअप झाला म्हणून निर्धास्त होतात. ती फाईल म्हंजे पुस्तक नाहीच, काही केबीचा कागद आहे, थिएटरच्या ऑनलाइन बुकिंगची पावती असते ना तसा, दाखवली तर आत सोडतात, घरी ठेवली तर सिनेमा दिसत नाही. ती उघडायला ॲडोबी डिजिटल एडिशन्स हा फुकट प्रोग्रॅम लागतो, त्यात उघडली की खरं पुस्तक उतरतं आणि डॉक्युमेंट्समधल्या माय डिजिटल एडिशन्स नावाच्या फोल्डरमधे ईपब किंवा पीडीएफ म्हणून बसतं. जपायची ती ही फाईल. एसीएसएमची मुदत संपते, मग ती कितीही जपली तरी उपयोग शून्य.

आणि तो प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की कॉम्प्युटर अधिकृत करायचा का विचारतो, तिथे आयडी न देता पुढे जायचाही पर्याय असतो. तो घेऊ नका. आयडीशिवाय केलं तर पुस्तकं त्या एका कॉम्प्युटरला बांधली जातात, विंडोज फॉरमॅट झालं की खेळ खलास. ॲडोबीचं अकाउंट काढा, त्यानं अधिकृत करा, म्हंजे उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच आयडीनं तीच फाईल उघडते. थोडक्यात इथे परवानगी दुकानाकडून ॲडोबीकडे गेली, म्हंजे दुकान गेलं तरी चालेल, पण ॲडोबी राहिली पाहिजे. शंभर टक्के सुटका नाहीये ही, पण दुकानाच्या मर्जीवर राहण्यापेक्षा बरी.

कोबो. वेबसाइटवर लॉगिन करून माय बुक्समधे जा, पुस्तकाच्या मेनूतून डाउनलोड. तोच प्रकार, कुलूप नसेल तर ईपब, असेल तर एसीएसएम. कोबोचा चांगुलपणा असा की पुस्तकाच्या पानावर खरेदीआधीच डाउनलोडचे पर्याय लिहिलेले असतात, डीआरएम आहे का नाही ते तिथेच कळतं.

मराठी दुकानं आणि ॲप. बुकगंगासारख्या ठिकाणी घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमधे उघडतं, कुठल्याही रीडरमधे चालणारी ईपब हातात येत नाही. मराठी प्रकाशकांची भीती मी समजू शकतो, पीडीएफ बाहेर आली की दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर असते, आणि मराठी पुस्तकाची विक्री मुळात किती. पण वाचक म्हणून तुम्हाला एवढंच करता येतं की पुस्तक ॲपमधे डाउनलोड करून ठेवा, फोन बदलायच्या आधी नव्या फोनवर लॉगिन होतंय आणि जुनी खरेदी दिसतेय याची खात्री करा, आणि मगच जुना फोन एक्स्चेंजला द्या. ॲप वर्षानुवर्षं अपडेट झालं नसेल तर सावध व्हा, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीवर जुनी ॲपं चालायची थांबतात, आणि दुकान अधिकृतपणे चालू असूनही पुस्तक बंद. संदर्भाला लागणारं पुस्तक असेल, कोश, कायदा, अभ्यासाचं, तर ते कागदी घ्या असं मी स्पष्ट सांगेन.

ई साहित्य प्रतिष्ठानसारख्यांच्या फुकट पीडीएफ आहेत त्यांचा प्रश्नच नाही, एकदा उतरवली की झालं.

पायरी ४. टेस्ट घ्या

फाईल मिळाली म्हणून थांबू नका. कॅलिबर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरनं २००६ च्या सुमारास सुरू केलेला, ई-पुस्तकं सांभाळायला याच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. मिळालेली ईपब त्यात टाका आणि उघडा. उघडली तर ती खरोखर तुमची. डीआरएम आहे असा निरोप आला तर ती अजून परवानगीवर आहे, तिला वेगळ्या फोल्डरमधे ठेवा, नावातच 'कुलूप' लिहून.

डिव्हाइसवरच्या पुस्तकांसाठी टेस्ट वेगळी. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद, ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, आणि अधलीमधली पानं उघडून बघा. इथे लगेच कळतं कुठलं पुस्तक खरंच उतरलंय आणि कुठलं नुसतं मुखपृष्ठ दाखवतंय.

मराठी पुस्तकांची आणखी एक भानगड, जी इंग्रजी मार्गदर्शकांत कुणी सांगत नाही. जुनी मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे जुळवलेली आहेत, युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत नाहीत. अशी पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते पण त्यातला शब्द सर्च केला तर सापडत नाही, आणि परिच्छेद कॉपी केला तर रोमन अक्षरांचा काला पेस्ट होतो. वाचायला हरकत नाही, पण कॅलिबरमधून तिची ईपब करायला जाल तर हाती कचरा लागेल. तिला पीडीएफ म्हणूनच जपा. आणि युनिकोडवाल्या ईपबमधे जोडाक्षरं तुटलेली दिसली, र्‍य नाहीतर क्ष सुटे सुटे झाले, तर फाईल खराब आहे असं समजून टाकून देऊ नका, बहुतेक वेळा तो रीडर नाहीतर फॉन्ट बदलला की ठीक दिसतं.

पायरी ५. नोट्स आणि हायलाइट

पुस्तक परत विकत मिळेल, समासातल्या नोट्स नाही मिळणार. किंडलच्या डिव्हाइसमधे डॉक्युमेंट्स फोल्डरात माय क्लिपिंग्ज नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, यूएसबी लावून ती कॉपी करा. ॲपमधे वाचत असाल तर ॲमेझॉनच्या किंडल नोटबुक या वेबपानावर सगळे हायलाइट पुस्तकवार दिसतात, तिथून कॉपी करून घ्या. मात्र प्रकाशकानं मर्यादा घातलेली असते, तिच्यापलीकडे हायलाइट केलं असेल तर पुढच्याचा मजकूर न येता मर्यादा संपली एवढाच निरोप येतो. अर्धं पुस्तक पिवळं करणाऱ्यांनी याची तयारी ठेवावी.

गूगलचं सोपं आहे, प्ले बुक्सच्या सेटिंगमधे नोट्स ड्राइव्हला सेव्ह करा हा पर्याय चालू केला की प्रत्येक पुस्तकाचं गूगल डॉक तयार होतं. नाहीतर गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीमधून सगळं एकदम मागवता येतं.

पायरी ६. ठेवायचं कुठे

दोन जागी, आणि त्या दोन जागा एकाच अकाउंटच्या ताब्यात नकोत. प्ले बुक्समधून उतरवलेली पुस्तकं त्याच जीमेलच्या ड्राइव्हवर चढवली तर अकाउंट लॉक झाल्यावर पुस्तक आणि बॅकअप दोन्ही बरोबरच जातात. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर नाहीतर भावा-बहिणीकडच्या डिस्कवर. फाईलच्या नावात लेखक, पुस्तक, दुकान आणि खरेदीचं वर्ष टाका, नावं एकतर सगळी देवनागरीत नाहीतर सगळी रोमनमधे, मिसळ केली की सर्च करताना वैताग येतो.

पायरी ७. आता अकाउंटचं काय

माझा सल्ला एकच, अकाउंट बंद करू नका, वापरणं बंद करा. ॲमेझॉनवर खरेदीचं आणि किंडलचं अकाउंट एकच असतं, रागावून खरेदीचं बंद केलं की किंडलची लायब्ररीही गेली, ॲमेझॉन बंद करताना तशी सूचना देतं पण ती लांबलचक यादीत असते आणि तेवढं वाचतंय कोण. त्याऐवजी कार्ड काढून टाका, पत्ते काढून टाका, मार्केटिंगच्या मेल थांबवा, ॲप डिलीट करा. अकाउंट झोपलेलं राहू दे.

डिव्हाइसही घाईनं डीरजिस्टर करू नका. किंडल अकाउंटपासून तोडलं की त्यावरची विकत घेतलेली पुस्तकं जातात. जुनं किंडल विकताना हे करायचंच आहे, पण तीच तुमची एकमेव उतरवलेली प्रत असेल तर आधी दुसऱ्या डिव्हाइसवर उतरवा.

लॉगिन कशावर आहे बघा. कॉलेजच्या मेलवर, मागच्या कंपनीच्या मेलवर, किंवा एखाद्या जुन्या सिमवर. नंबर बंद केला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. नोकरी सोडायच्या आधी, नंबर बदलायच्या आधी लॉगिन स्वतःच्या कायमच्या मेलवर न्या, नंतर कस्टमर केअरला समजावत बसणं हा स्वतंत्र छळ आहे. गूगलचा नियम असा की दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट काढून टाकलं जाऊ शकतं, पुस्तक किंवा सिनेमा विकत घेतलेली अकाउंटं त्यातून वगळलेली आहेत, तरी वर्षाकाठी एकदा लॉगिन करायला काय जातं.

परदेशी चाललेल्यांसाठी. ॲमेझॉनवर देश बदलता येतो, कंटेंट आणि डिव्हाइसेसच्याच पानावर प्रेफरन्सेसमधे तो पर्याय आहे. आधी घेतलेली पुस्तकं लायब्ररीत राहतात, पण किंडल अनलिमिटेडसारखी वर्गणी आणि गिफ्ट कार्डचा बॅलन्स पलीकडे जात नाही, तो आधी संपवा. लोक करतात काय, तिकडे पोचल्यावर नव्या मेलनं नवं अकाउंट काढतात, मग भारतातली लायब्ररी एका अकाउंटवर आणि तिकडची दुसऱ्यावर, आणि एक किंडल एका वेळी एकाच अकाउंटला जोडता येतं. ही दोन अकाउंटं नंतर एक होत नाहीत. तेव्हा जुन्याच अकाउंटचा देश बदला. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि बदलताना काही पुस्तकं-सिनेमे दिसेनासे होऊ शकतात असा इशारा गूगल स्वतः देतं, म्हणून एक्स्पोर्ट आधी, देश नंतर.

दुकान बंद होतंय अशी मेल आली तर

मेलमधल्या तीन तारखा शोधा, विक्री कधी थांबतेय, डाउनलोड कधीपर्यंत, आणि वाचणं कधीपर्यंत. तिसरी तारीख दिली असेल तर समजायचं की हे मायक्रोसॉफ्टसारखं प्रकरण आहे, पुस्तकं उघडायचीच थांबणार, मग रिफंडची अट काय ते लगेच बघा. लायब्ररी दुसरीकडे हलवणार असतील तर ते आपोआप होतंय का लिंकवर जाऊन मान्य करायचंय हे तपासा, आणि हलल्यावर यादी जुन्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा. गळालेल्या पुस्तकांचे पैसे मागा. मेल खरी आहे का हेही बघा, दुकान बंद होतंय रिफंडसाठी क्लिक करा म्हणून बँकेचे डिटेल मागणारे कमी नाहीत, मेलमधल्या लिंकऐवजी ॲपमधून आत जा.

कुलूप तोडून टाकू का, हा प्रश्न इथे हटकून येतो. तोडायची साधनं नेटवर आहेत हे सगळ्यांना माहितीय, मी पद्धत सांगणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५-अ कलम आलं, हक्क मोडायच्या हेतूनं असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची अट आहे म्हणून स्वतःपुरतं चालतं असा अर्थ काहीजण काढतात, तो अर्थ कोर्टात टिकेल का नाही यावर मी पैज लावणार नाही, आणि दुकानाच्या अटी तर तशाही मोडतातच. अमेरिकेतला कायदा याहून कडक आहे, तिकडच्या मराठी मंडळींनी इथल्या मित्राचं ऐकून काही करू नये.

पैसे अडले, उत्तर येत नाही, तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन दुकानाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याचं नाव आणि मेल वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. त्याला लेखी पाठवा, बिलं आणि स्क्रीनशॉट जोडून, किती पुस्तकं, किती रुपये, काय हवंय ते तीन ओळीत. महिन्यानं काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा, मराठीतही बोलता येतं, आणि तक्रार नोंदवल्यावर मिळालेला नंबर त्याच बिलांच्या फोल्डरमधे टाकून ठेवा.